धूर कधी येतो ते आधी सांगा: वाचकांचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं

गेल्या अंकात ट्रकच्या धुराबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच पडला. पण निम्म्या पत्रांत एवढंच की गाडी धूर मारते, काय करू? काहींनी रंग तेवढा कळवलाय. आता काळा म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे न जळालेलं डिझेल किंवा पाण्याची वाफ, एवढं तर क्लीनर पोराला पण पाठ असतं. पण तेवढ्यावरून इंजिन उघडायचं नसतं. धूर थंड इंजिनला येतो की गरम झाल्यावर, उभ्या गाडीला की लोड घेऊन चढताना, सतत येतो की रेस सोडून परत दिली की भसकन येतो, आणि ऑइलची पट्टी (इंजिनात ऑइल किती आहे ते दाखवणारी) काय म्हणते, पाणी कमी होतंय का, हे सगळं कळल्याशिवाय जो कोणी "इंजिन उतरवा" म्हणेल त्याला जरा थांबवा. ज्यांनी नीट सविस्तर लिहिलंय त्यांचे प्रश्न आधी घेतो.

प्रश्न: माझा सहाचाकी ट्रक रिकामा असताना एकदम ठीक चालतो. लोड भरला आणि चढ लागला की काळाकुट्ट धूर, मागचा गाडीवाला दिसेनासा होतो आणि पिकअप तर नाहीच. दोन मिस्त्रींना दाखवला, दोघंही म्हणतात पंप नोझल काढा. काढू का?

नका काढू, निदान आत्ताच नको. पंप नोझल (डिझेल दाबून इंजिनात फवारणारे भाग) हे सगळ्यात शेवटी, कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय की रिकामी गाडी ठीक चालते. नोझल ठिबकत असता तर बहुतेक वेळा उभ्या गाडीला पण काहीतरी दिसलं असतं, मिसिंग, खडखड, नाहीतर रेस दिल्याबरोबर काळा झोत. फक्त लोडवरच धूर आणि सोबत पिकअप गेला म्हटलं की माझा पहिला संशय हवेवर. डिझेल इंजिनला हवा भरपूर लागते, एक किलो डिझेल जाळायला हिशोबाने साधारण साडेचौदा किलो हवा, आणि प्रत्यक्षात धूर न होता जळायला त्याच्यापेक्षा बरीच जास्त. लोड आला की डिझेल वाढतं, हवा त्या मानाने वाढली नाही की उरलेल्या डिझेलचा कोळसा होऊन सायलेन्सरमधून बाहेर, तोच तुमचा काळा धूर.

एअर क्लीनर उघडा. हाउसिंगवर चोकअपचा इंडिकेटर असेल आणि तो लाल झाला असेल तर निम्मं काम तिथंच झालं. फिल्टर काढून आतून बल्ब धरा आणि अंधारात बाहेरून बघा, उजेड सगळीकडून सारखा यायला पाहिजे. हवेने मारून साफ केलेला फिल्टर परत बसवायची सवय आपल्याकडे सगळ्यांना, पण जोरात हवा मारली की कागदाला बारीक भोकं पडतात आणि मग धूळ सरळ लाइनरवर (सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर), म्हणजे आज काळा धूर वाचवला आणि पुढे निळा धूर पाळला.

फिल्टर चांगला असेल तर टर्बोपासून (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे (हवा सिलेंडरांत वाटणारा भाग) सगळे होज हाताने चाचपा. क्लिपच्या कडेला काळपट तेलकट धुळीची रेघ दिसली की हवा तिथून निसटते. इंजिन चालू ठेवून साबणाचं पाणी मारलं तर उभ्या गाडीला फारसं काही दिसत नाही कारण टर्बोचा दाबच तयार होत नाही, म्हणून होज बंद करून थोड्या दाबाने हवा भरून बघणं जास्त खात्रीचं. आणि एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते, एअर क्लीनर ते टर्बो मधला रबरी होज. बाहेरून एकदम नवा दिसतो पण आतला थर सुटलेला असतो, लोडवर टर्बोने ओढ घेतली की तो थर आत चिकटून रस्ता बंद करतो, आणि गाडी उभी केली की परत सरळ. त्यामुळे मिस्त्री बघेपर्यंत सगळं ठीक. होज काढून आत बोट फिरवा, लगेच कळतं.

मग टर्बो. तोंडाचा होज काढून शाफ्ट हाताने हलवा, आडवा थोडासा हलतो, तो त्याच्या ऑइलच्या फिल्मचा गॅप आहे, त्याला घाबरू नका. पण पंखा हाउसिंगला घासतोय किंवा शाफ्ट पुढेमागे जाणवण्याइतका सरकतोय तर टर्बो गेला. आणि हो, एक्झॉस्ट ब्रेकची फ्लॅप (धुराची वाट अडवून गाडी हळू करणारी झडप) बघितलीत का? ती अर्धी अडकून बसली की इंजिन घुसमटतं, धूर आणि पिकअप दोन्ही तसंच होतं, आणि मिस्त्री मात्र पंप उतरवून बसतो. ब्रेक जॅम होऊन एखादं चाक घासत असेल तरी इंजिनला रिकाम्या गाडीतच लोड वाटतो, ड्रम हात लावून बघा, पण गरम असतो तेव्हा जरा जपून.

ड्रायव्हरला पण एक विचारा, चढावर गिअर कधी टाकतो? वरच्या गिअरमध्ये इंजिन ओढत ठेवायचं, आरपीएम पडलेले आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, असं असेल तर चांगली गाडी पण काळा धूर मारेल. एक गिअर खाली घेतला आणि धूर निम्मा झाला तर दुखणं इंजिनात नाही, पायात आहे. उंचावर पण हवा विरळ होते, दर हजार मीटरला नऊ-दहा टक्के तरी, बिनटर्बोच्या जुन्या गाडीला तिथं थोडा धूर येणारच.

एवढं सगळं बघून झालं आणि तरी काळा धूर असेल, तर मग नोझल टेस्टिंगला काढा आणि पंपाचं टायमिंग तपासा. आणि पंपाचं सेटिंग वाढवून पिकअप आणून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, तो फक्त डिझेल वाढवतो, हवा नाही.

प्रश्न: सकाळी सेल्फ मारला की गाडी उशिरा सुरू होते आणि पाच-दहा मिनिटं पांढरा धूर, डोळे झोंबतात. गरम झाली की काही नाही. हेड गॅस्केट गेलं का?

डोळे झोंबतात म्हणजे ते डिझेल आहे भाऊ, पाणी नाही. पाण्याच्या वाफेने डोळे झोंबत नाहीत, आणि वाफ सायलेन्सरपासून थोडं पुढे गेली की विरून जाते, डिझेलचा पांढरा धूर मात्र जमिनीलगत रेंगाळत राहतो. हेड गॅस्केटचा (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सीलची पट्टी) विचार सध्या सोडा.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटलं पाहिजे. थंड इंजिनात तीच उष्णता हेडचं आणि लाइनरचं थंडगार लोखंड ओढून घेतं, डिझेल फवारलं जातं पण पेटत नाही, आणि बारीक थेंबांच्या रूपात तसंच बाहेर पडतं. त्यात बॅटरी कमजोर असली की सेल्फ हळू फिरतो, हवा दाबायला वेळ जास्त लागतो, तेवढ्या वेळात उष्णता पण निघून जाते आणि दाब पण रिंगांतून (पिस्टनभोवतीच्या कड्यांतून) गळतो. म्हणून पांढऱ्या धुराच्या तक्रारीत मी पहिल्यांदा बॅटरी आणि सेल्फच्या वायरीची टोकं बघतो, मिस्त्री मंडळी हसतात, हसू देत.

त्यानंतर हीटर. मॅनिफोल्डमधला ग्रिड हीटर किंवा ग्लो प्लग जे असेल ते खरंच गरम होतंय का बघा, डॅशवर दिवा लागतो म्हणजे हीटर चालतो असं नाही. मग टॅपेट (वॉल्व्ह उघडणारा भाग), त्याचा क्लिअरन्स कमी झाला असेल तर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं, जुळवायला फारसा वेळ पण लागत नाही. मग डिझेलमध्ये एअर घेतंय का, सेडिमेंटरमध्ये (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वाटीत) पाणी साचलंय का ते बघा.

एकच सिलेंडर गडबड करतोय का हे शोधायचं असेल तर थंड गाडी सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक पोर्टवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा, जो पोर्ट बाकीच्यांपेक्षा थंड तो सिलेंडर नीट जळत नाही. जुन्या पंपाच्या गाडीत मिस्त्री एकेका नोझलचा पाइप पाव आटा ढिला करून बघतात, ज्याने इंजिनच्या आवाजात काही फरक पडत नाही तो सिलेंडर बसलेला. कॉमन रेल गाडीत (जिथं सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) हे चुकूनसुद्धा करू नका. तिथं रेलमध्ये १६०० बार आणि पुढेमागे २००० च्या वर दाब असतो, बारीक फवारा कातडीतून आत शिरतो, वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते पण आतून हात सडायला लागतो. असं कोणाला झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की डिझेल दाबाने आत गेलंय. गळती शोधायला बोट नाही, पुठ्ठा फिरवायचा. आणि कॉमन रेलचं सिलेंडर कटआउट स्कॅनरवर होतं, पाना लागतच नाही.

एक राहिलं. हीटर असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका, तो तापलेल्या हीटरवरच पेटतो.

प्रश्न: पांढरा धूर दिवसभर येतो, गरम झाल्यावर पण. कूलंट रोज भरावं लागतं आणि बाहेर कुठेच गळती नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे पण येतात. मिस्त्री म्हणतो हेड काढायचंच.

हे गंभीर आहे. पण हेड काढायच्या आधी माझं एवढं ऐका.

धूर गोडसर वासाचा येतोय का? कूलंटचा वास तसाच असतो (चाखून बघू नका, विषारी असतं ते, आणि हे मी उगाच लिहीत नाहीये). ऑइलची पट्टी काढा आणि ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, दुधाळ फेस दिसला तर पाणी ऑइलमध्ये पण शिरलंय, मग गाडी तिथंच बंद, बेअरिंगा जातात.

आता बुडबुडे. तुमच्या मिस्त्रीने बुडबुडे बघितले आणि हेड म्हणाला, बरोबरच आहे, हेड गॅस्केट किंवा हेडला क्रॅक असेल तर सिलेंडरमधला गॅस पाण्यात शिरतो. पण ट्रकला एअर ब्रेक असतात, आणि ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर बऱ्याच गाड्यांत इंजिनच्याच पाण्याने थंड होतो. त्या कॉम्प्रेसरचं छोटं हेड गॅस्केट फाटलं तरी रेडिएटरमध्ये अगदी तसेच बुडबुडे येतात, पाणी उकळल्यासारखं बाहेर फेकलं जातं. चांगल्या इंजिनांची हेडं यापायी उतरवलेली बघितली आहेत. ओळखायचं कसं, तर इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढायचं, गाडी सुरू करायची, एअर टाक्या भरून गव्हर्नर (टाक्या भरल्यावर कॉम्प्रेसरचा लोड काढणारा वॉल्व्ह) कट होऊन फुस्स झाला की बुडबुडे कमी होतात का बघायचं, परत ब्रेक मारून हवा उतरवली आणि कॉम्प्रेसर लोड घ्यायला लागला की बुडबुडे वाढले, तर चोर कॉम्प्रेसर. बुडबुड्यांना कॉम्प्रेसरशी काही देणंघेणं नसेल तर मग इंजिन. गॅस टेस्टचं निळं लिक्विड मिळतं, रेडिएटरच्या तोंडावर धरलं आणि हिरवट किंवा पिवळं पडलं की जळलेला गॅस पाण्यात आहे, हा पुरावा मिस्त्रीकडे मागा.

अर्थात कॉम्प्रेसरच्या गॅस्केटने पांढरा धूर सहसा येत नाही, आणि तुमच्याकडे दोन्ही आहे, म्हणजे इंजिनचाच संशय जास्त. पण तिथंही हेड गॅस्केट हा एकच आरोपी नाही. ईजीआर (थोडा एक्झॉस्ट गॅस परत इंजिनात पाठवणारी यंत्रणा) असेल तर त्याचा कूलर फुटला की पाणी थेट एक्झॉस्टमध्ये जातं आणि हेड बिचारं निर्दोष. ईजीआर कूलर बाजूला काढून दाब देऊन तपासता येतो, हेड काढण्यापेक्षा कितीतरी सोपं. आणि वेट लाइनरवाल्या (लाइनरला बाहेरून थेट पाणी लागतं अशा) इंजिनात लाइनरला बाहेरून पाण्याच्या बाजूने सुईएवढी भोकं पडतात, लाइनर थरथरतो तेव्हा पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंड कोरत जातात. साधं पाणी भरून चालवलेल्या गाड्यांना हे जास्त होतं, कूलंटमध्ये त्यासाठीच रसायन असतं. म्हणून हेड उघडल्यावर नुसतं गॅस्केट बदलून गप्प बसू नका, पाण्याला दाब देऊन लाइनर आतून तपासायला लावा.

आणखी एक सांगतो, रात्रभर उभ्या गाडीत सिलेंडरमध्ये पाणी साचलं असेल तर सकाळी सेल्फ खट करून अडकतो. तिथं जोर करू नका, धक्का स्टार्ट तर नकोच, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

प्रश्न: सिग्नलला पाच मिनिटं उभा राहिलो आणि निघालो की निळा ढग, मग साफ. ऑइल थोडं थोडं कमी होतं. रिंगा गेल्या का?

रिंगा गेल्या असत्या तर निळा धूर लोडवर चढताना पण राहिला असता, निघून गेला नसता. उभं राहून निघताना भसकन आणि मग साफ, याचा अर्थ उभं असताना थोडं थोडं ऑइल कुठेतरी साचतंय आणि रेस दिल्यावर एकदम जळतंय. वॉल्व्ह गाईडचे सील किंवा टर्बोचा सील. उभ्या गाडीला टर्बो दाब देत नाही, त्यामुळे सीलच्या मागून ऑइलला अडवायला काहीच नसतं.

टर्बोचा संशय असेल तर टर्बो बदलण्याआधी त्याची ऑइल परत येण्याची नळी काढून बघा, कार्बनने किंवा आत गेलेल्या गॅस्केटच्या जास्तीच्या मसाल्याने अडली असेल तर ऑइल खाली उतरत नाही आणि सीलमधूनच बाहेर येतं, नवा टर्बो लावला तरी तेच. क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनच्या खालच्या भागातला गॅस बाहेर सोडणारी नळी) तुंबला तरी हेच होतं. आणि ऑइल जास्त तर भरलेलं नाही ना? पट्टीच्या वरच्या खुणेच्या पुढे भरून "गाडी ऑइल खाते" म्हणणारे खूप. इंटरकूलरच्या होजमध्ये आतून हलका तेलाचा हात लागला तर घाबरायचं नाही, वाटीभर ऑइल सांडलं तर मात्र टर्बो बघायचा.

रिंगांचा संशय फेडून घ्यायचा असेल तर गरम इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर चालतं, नाचून खाली पडलं आणि आतून धूर भकाभका आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे (सिलेंडरमधला दाब रिंगांतून खाली गळतोय), मग रिंगा लाइनरचं बघायला लागेल.

रंगाबद्दल थोडं. सगळ्यांनाच निळा धूर ओळखता येत नाही, दाट असला की पांढरट दिसतो. मी काय करतो, पांढरा पुठ्ठा पक्कडीत धरून सायलेन्सरच्या तोंडासमोर हातभर अंतरावर थोडा वेळ धरायचा. कोरडी काळी भुकटी बसली तर काळ्या धुराचं दुखणं, बोट फिरवलं की उडते. तेलाचे ठिपके असतील तर पसरत जातात आणि वाळत नाहीत. डिझेलला त्याचा वास येतोच, आणि पाणी असेल तर उन्हात वाळून जातं. पुठ्ठा ठेवून द्या, महिन्याने परत केलात की दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात.

प्रश्न: धूर अजिबात नाही, तरी ऑइल कमी होतंय, खाली ठिपकापण नाही. कुठे जातंय?

एअर टाकीचा ड्रेन उघडा. काळं ऑइल पिचकारीसारखं आलं तर ब्रेकचा कॉम्प्रेसर ऑइल फेकतोय, आणि हे ब्रेकच्या वॉल्व्हचे रबर पण खातं म्हणून नुसतं ऑइलचं नुकसान समजू नका. टाकी कोरडी निघाली तर रेडिएटरच्या पाण्यावर तवंग बघा, ऑइल कूलर आतून फुटला असू शकतो. आणि गाडीला डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर इंजिन ऑइल जाळत असलं तरी धूर तुम्हाला दिसणारच नाही, फिल्टर गिळतो आणि लवकर चोकअप होतो.

प्रश्न: नवी गाडी आहे, डीपीएफ आणि युरियावाली. उभी असताना आपोआप आरपीएम वाढले, जळका वास आणि सायलेन्सरमधून फिकट पांढरा धूर. मी घाबरून लगेच बंद केली. बिघाड आहे का?

बिघाड नाही, गाडी रीजनरेशन करत होती. डीपीएफमध्ये काजळी साठते, ती जाळायला गाडी एक्झॉस्टमध्ये जास्तीचं डिझेल सोडून तापमान साधारण साडेपाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत नेते. थोडी वाफ, वास हे त्यातलंच. अर्ध्यात बंद केलीत तर एकदा काही होत नाही, पण दर वेळी तेच केलंत तर काजळी साचते, गाडी लिंप मोडला जाते (स्वतःला वाचवायला ताकद कमी करते), आणि अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनमध्ये काही इंजिनांत डिझेल ऑइलमध्ये उतरतं, त्याबद्दल खाली लिहिलंय. फक्त त्या वेळी गाडी वाळक्या गवतावर किंवा पाचोळ्यावर उभी नसावी, सायलेन्सर आग लावू शकतो.

तुमच्या गाडीत उलटं लक्षण बघा. डीपीएफवाल्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवलं तर जवळजवळ स्वच्छ निघायला पाहिजे. काळं निघालं, किंवा काळा धूर दिसायला लागला, तर फिल्टर आतून तडकलाय. आणि डीपीएफ पोकळ करून देणारे आहेत बाजारात, त्यांच्या नादी लागू नका. डीपीएफ लवकर भरतो म्हणजे इंजिन काजळी जास्त करतंय, नोझल, टर्बो, ईजीआर यांपैकी काहीतरी बिघडलंय, फिल्टर काढल्याने ते दुरुस्त होत नाही.

युरियाच्या पाइपाजवळ पांढरा चुना साचतो तो धूर नव्हे, युरियाचे खडे. गळती असेल तर जोड बघून घ्या.

प्रश्न: काळा धूर वाढलाय आणि गंमत म्हणजे ऑइलची पट्टी वर चढते, न भरता. हे चांगलं की वाईट?

वाईट. वाईटातलं वाईट. गाडी चालवू नका.

ऑइल आपोआप वाढत नसतं, त्यात डिझेल किंवा पाणी उतरतंय. पट्टीवरचा थेंब साध्या कागदावर सोडा, मध्ये काळा डाग आणि भोवती फिकट कडं पसरत गेलं, वास डिझेलचा आला, तर डिझेल. नोझलचा सील, पंपाचा आतला सील, किंवा वर सांगितलेली अर्धवट रीजनरेशन, यातलं एक. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगा तर खातंच, पण लेव्हल खूप वाढली की ते ब्रीदरमधून नाहीतर टर्बोमधून हवेच्या वाटेने इंजिनात ओढलं जातं, आणि मग इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागतं. किल्ली बंद केली तरी थांबत नाही, आरपीएम चढतच जातात, धुराचा लोट निघतो. बंद करायला चावी फिरवत बसलेला माणूस तोपर्यंत इंजिनच्या शेजारीच उभा असतो, आणि तिथंच धोका आहे, तुकडे उडतात.

असं कधी झालंच तर, गाडी गिअरवाली आणि तुम्ही सीटवर असाल, पुढे मोकळं असेल, तर ब्रेक पूर्ण दाबून, हँडब्रेक लावून सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. बाहेरून थांबवायचं तर एअर क्लीनरच्या तोंडावर सपाट फळी किंवा जाड पत्रा दाबायचा, हात किंवा कपडा नाही, कपडा आत ओढला जातो आणि हात पण. हवा तुटली की इंजिन बंद. दोन्ही जमत नसेल तर माणसं लांब घेऊन जा, इंजिन गेलं तर गेलं.

प्रश्न: आमच्या चार गाड्या आहेत, मी हिशोब बघते. ड्रायव्हर लोक लोडिंगच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवतात. आता एका गाडीच्या सायलेन्सरच्या जोडातून काळं तेलकट पाणी टपकतं आणि धूर पण. ऑइल जळतंय असं मिस्त्री म्हणतात.

ताई, टपकतं ते इंजिन ऑइलच असेल असं नाही. इंजिन तासन्‌तास नुसतं फिरत ठेवलं की ते तापतच नाही नीट, डिझेल अर्धवट जळतं, काजळी आणि न जळालेलं डिझेल मिसळून सायलेन्सरमध्ये गळायला लागतं, दिसायला अगदी ऑइलसारखं. रिंगांच्या खाचेत कार्बन भरतो, लाइनरला आरशासारखी चकाकी येते आणि मग रिंगा खरंच ऑइल अडवेनाशा होतात. म्हणजे मिस्त्री आज चुकत असतील पण हेच चालू राहिलं तर पुढे बरोबर ठरतील.

गाडी आधी लोडवर लांब चालवायला लावा, इंजिन पूर्ण तापलं पाहिजे आणि चांगलं ओढत राहिलं पाहिजे. पहिल्या तासात धूर जास्त दिसेल, साठलेलं जळतं, त्याची काळजी नको. त्यानंतर धूर आणि टपकणं कमी झालं तर इंजिन उघडायचं काही कारण नाही. थर्मोस्टॅट कायम उघडा अडकलाय का तेपण बघून घ्या, तापमानाचा काटा खालीच राहतो का विचारा ड्रायव्हरला, काहींनी थर्मोस्टॅट काढूनच टाकलेला असतो. आणि तुम्ही हिशोब बघताच, तर प्रत्येक गाडीचं वरून भरलेलं ऑइल आणि किलोमीटर एका वहीत लिहायला लावा. कुठली गाडी ऑइल खाते ते धुरापेक्षा त्या वहीत आधी दिसतं.

प्रश्न: धूर बंद करायची बाटली डिझेलमध्ये टाकली तर?

नोझलला थोडी घाण असेल तर चांगल्या क्लीनरने थोडा फरक पडू शकतो. फाटलेला होज, झिजलेली रिंग, फुटलेला कूलर बाटलीने जुळत नाही. आणि इंजिन ऑइलमध्ये टाकायचं घट्ट औषध निळा धूर काही दिवस लपवतं, गाडी विकणाऱ्याला ते बरं पडतं. जुना ट्रक घ्यायला जाल तेव्हा म्हणूनच इंजिन थंड असताना जा, आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवत असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा आणि पहिला सेल्फ तुमच्यासमोर मारायला लावा.